‘सिंडन’ शब्दाचा माग

उपवासकाळातील एका संध्याकाळी, आमच्या धर्मग्रामातील बायबल अभ्यासवर्गात, आम्ही एक विधान मोठ्या आत्मविश्वासाने केले होते. प्रभू येशूचा मृतदेह ज्या वस्त्रात गुंडाळून कबरेत ठेवण्यात आला, ते वस्त्र आपल्या महाराष्ट्रातून, धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाहून गेलेले असण्याचा पुष्कळ संभव आहे, असे ते विधान होते. त्यासाठी आम्ही दोन आधार दिले. शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकमध्ये त्या वस्त्राला ‘सिंदोन’ म्हटले आहे आणि हा शब्द आपल्या सिंधू नदीच्या नावावरून निघाला, हा पहिला आधार. त्याच काळातील एका ग्रीक व्यापाऱ्याने तेरहून निघणाऱ्या मालाची जी नोंद केली, तीतही हाच शब्द आहे, हा दुसरा. हे आम्ही स्वतः शोधून काढले नव्हते. कित्येक वर्षांपूर्वी पवित्र शुक्रवारच्या एका प्रवचनात ऐकले होते, मनाला भिडले होते आणि तेव्हापासून आम्ही ते जपून ठेवले होते.

वर्गातील वडीलधारी मंडळी सुखावली. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने मात्र विचारले, “सर, शब्द सारखा वाटतो म्हणून तो तिथूनच आला, हे कसं ठरवायचं?” आम्ही काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आज आठवत नाही. ते उत्तर नव्हते, एवढे आठवते. घरी आल्यावर तो प्रश्न आमचा पाठलाग करीत राहिला आणि त्याचे उत्तर शोधण्यात पुढील बरेच महिने गेले. त्या शोधात हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यात आमच्या विधानाची दुरुस्तीही आली.

प्रथम तेरविषयी. तेरणा नदीच्या काठी वसलेले हे गाव मराठी माणसाला ठाऊक आहे ते संत गोरा कुंभारांमुळे. त्यांची समाधी तेथेच आहे. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. गावात त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर आहे. त्याचा मागील भाग अर्धवर्तुळाकार असल्याने ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. उत्तरेश्वराचे मंदिरही तितकेच जुन्या वळणाचे आहे. गावातील पांढरीच्या टेकाडांतून पावसाळ्यानंतर मणी, नाणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती वर येत. रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच गृहस्थांनी त्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. आज तेथे त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहताना इटलीतील पॉम्पेई शहराची आठवण होते, कारण इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरात १९३८ साली अशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली.

तेरचे प्राचीन नाव तगर. शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराशी आपल्या घराण्याचे नाते सांगत. परंतु हे तगर नेमके कोठे, याचा उलगडा व्हायला फार काळ लागला. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर, कोणी कोल्हापूर, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरचे नाव सुचविले. अखेर १९०१ साली जे. एफ. फ्लीट या पुरालेखविद्येच्या अभ्यासकाने तगर म्हणजेच तेर हे सप्रमाण मांडले आणि ते सर्वमान्य झाले. धाराशिव शहराच्या नावाचीही अशीच कथा आहे. निजामाच्या राजवटीत त्याचे उस्मानाबाद झाले आणि २०२३ साली जुने नाव अधिकृतपणे परत आले. असो.

ज्या ग्रीक नोंदीचा उल्लेख वर केला, ती ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुस्तिकेतील आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास, म्हणजे संत पौल आपली पत्रे लिहीत होते त्याच सुमारास, मिसर देशात राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतची बंदरे, तेथे काय विकते, काय मिळते, याची माहिती लिहून ठेवली. त्याने स्वतःचे नाव सांगितलेले नाही. त्याच्या पुस्तिकेची दहाव्या शतकातील हस्तलिखित प्रत जर्मनीतील हायडेलबर्ग येथे आहे. तो सांगतो की बारिगाझा, म्हणजे भडोच, येथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर. तेथून रस्ता नसलेल्या प्रदेशातून गाड्या भरून माल भडोचला येतो. पैठणहून गोमेदासारखे दगड येतात आणि तगरहून येते ते कापड.

या कापडाचे तीन प्रकार तो सांगतो. साधे, जाडेभरडे ‘ओथोनिऑन’ पुष्कळ, ‘सिंदोन’ सर्व प्रकारचे, आणि ‘मोलोखिना’. तिसऱ्या शब्दाचा संबंध ग्रीक भाषेत एका फुलझाडाच्या नावाशी आहे. ज्या कुळातले ते झाड, त्याच कुळात आपली अंबाडी, भेंडी, जास्वंद आणि खुद्द कापूसही येतो. ते कापड त्या झाडाच्या तंतूंचे होते की त्याच्या फुलाच्या जांभळट रंगाचे, याचा निर्णय अजून लागलेला नाही. आपण पहिल्या दोन शब्दांकडे वळू.

शुभवर्तमानांतील कबरेचा प्रसंग ग्रीक मजकुराशी ताडून पाहिला तेव्हा आम्ही खरोखर चकित झालो. संत मत्तय, संत मार्क आणि संत लूक हे तिघेही अरिमथाईच्या योसेफाने प्रभूचा देह गुंडाळला त्या वस्त्राला ‘सिंदोन’ म्हणतात. संत योहान तो शब्द वापरीत नाहीत. त्यांच्या शुभवर्तमानात दफनाच्या वेळी आणि पुनरुत्थानाच्या पहाटे पेत्राला रिकाम्या कबरेत दिसलेल्या वस्त्रांसाठी ‘ओथोनिया’ हा शब्द आहे. तो ओथोनिऑनचेच अनेकवचन. म्हणजे तेरच्या बाजारातून निघालेल्या गाड्यांवर जे दोन शब्द लादलेले दिसतात, तेच दोन शब्द प्रभूच्या कबरेत आहेत. संत मार्क आणखी एक बारीक गोष्ट सांगतात. योसेफाने ते वस्त्र घरून आणले नाही, विकत घेतले. यरुशलेमच्या बाजारात त्या दिवशी सिंदोन विकावयास होते.

एवढे वाचल्यावर कोणाचेही मन पुढे धाव घेईल. आमचेही घेतले होते. येथपर्यंतचे सर्व खरे आहे. पुढची उडी तेवढी तपासावयाची राहिली होती.

इंग्रजीत ‘सिंडन’ हा शब्द आज सहसा कोणी बोलत नाही, परंतु जुन्या शब्दकोशांत तो आहे. तलम कापड असा त्याचा एक अर्थ आणि प्रभूचे प्रेतवस्त्र असा दुसरा. इटालियन भाषेत तो जिवंत आहे. तूरिन शहरातील सुप्रसिद्ध प्रेतवस्त्राला तेथील भाविक ‘सांता सिंदोने’ म्हणतात आणि त्या वस्त्राच्या अभ्यासाला इंग्रजीत ‘सिंडनॉलॉजी’ असे नाव पडले आहे. ते वस्त्र अळशीच्या धाग्याचे आहे. १९८८ साली झालेल्या कार्बन चाचणीने त्याचा काळ १२६० ते १३९० असा सांगितला आणि त्यावर आजही वाद चालू आहेत. १९९८ साली पोप जॉन पॉल दुसरे तूरिनला गेले असता, अशा प्रश्नांवर निर्णय देणे हे चर्चचे विशेष कार्यक्षेत्र नव्हे, असे त्यांनी सांगितले होते. त्या वादात आम्ही शिरत नाही. आमचा विषय शब्दापुरता आहे.

पेरिप्लसचे प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर विल्फ्रेड शॉफ यांनी १९१२ साली केले. त्यात तेरच्या ‘सिंदोन’ला ‘मस्लिन’ हा प्रतिशब्द आहे. आपण ज्याला मलमल म्हणतो ते. पुढे १९८९ साली लायनेल कॅसन यांनी नव्याने भाषांतर केले तेव्हा ‘सुती वस्त्रे’ असा अर्थ घेतला. ‘मस्लिन’ शब्दाने आमची प्रथम दिशाभूल केली. हा शब्द इंग्रजीत फ्रेंच आणि इटालियन मार्गाने आला आणि त्याचे मूळ इराकमधील मोसुल शहराच्या नावात आहे. मोसुल हे तैग्रिस नदीच्या एका काठावर. समोरच्या काठावर प्राचीन निनवे, जेथे योना संदेष्टा पश्चात्तापाची हाक देत फिरला. मार्को पोलोनेही या शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापडाचा उल्लेख केला आहे, परंतु त्याने वर्णन केलेले कापड रेशमाचे आणि जरीचे होते, सुती नव्हे. कापडाला बाजारपेठेचे नाव चिकटते, मग तेच नाव वेगळ्याच कापडाला लागते. ही खोड सर्व भाषांतील व्यापाऱ्यांना आहे. पैठणी आज जेवढी येवल्यात विणली जाते, तेवढी पैठणात नाही. नाव मात्र पैठणचे.

तर मग सिंदोन हेही असेच एखाद्या ठिकाणाचे, म्हणजे सिंधूचे, नाव असू शकेल की नाही? १८८७ साली ए. एच. सेस या इंग्रज पंडिताने आपल्या व्याख्यानांत तसे ठामपणे म्हटले होते. बाबिलोनच्या एका प्राचीन कापडयादीत ‘सिंधु’ असा शब्द आहे, तो मलमलीचा वाचक आहे, ग्रीक सिंदोन त्याच्यापासूनच झाला आणि त्यावरून भारत व बाबिलोन यांचा व्यापार अतिप्राचीन ठरतो, असे त्याचे प्रतिपादन होते. हे मत पुढे अनेक पुस्तकांतून फिरले, आपल्याकडेही मोठ्या प्रेमाने उद्धृत झाले. प्रवचनकारांपर्यंत ते कोणत्या वाटेने आले असेल, हे आता आमच्या ध्यानात येते.

शब्दांची नाती तपासण्याची जी पद्धत आज विद्वान वापरतात, तिच्या पहिल्या खुणा आपल्याच एका मिशनऱ्याच्या पत्रात सापडतात, हे येथे सांगितले पाहिजे. ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ साली गोव्याहून आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे नमूद केले होते. सर विल्यम जोन्स यांचे कलकत्त्यातील गाजलेले भाषण १७८६ सालचे. म्हणजे फादर स्टीफन्स त्यांच्या दोनशे वर्षे आधीचे. पुढे या शास्त्राने एक कडक नियम घालून दिला. दोन शब्द कानाला सारखे लागतात एवढ्यावर नाते ठरत नाही. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना ध्वनी ठरावीक रीतीने बदलतात आणि तो बदल इतर शब्दांतही तसाच दिसावा लागतो. इंग्रजी ‘कार्पेट’ आणि मराठी ‘कापड’ किती जवळचे वाटतात! प्रत्यक्षात ‘कार्पेट’ हा पिंजणे, तोडणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे आणि कापड संस्कृत ‘कर्पट’पासून. त्यांची ओळखदेखील नाही.

हा नियम सिंधूला लावून पाहू. संस्कृतातील शब्दारंभीचा ‘स’ प्राचीन इराणी भाषेत ‘ह’ होतो. सप्तचे हप्त, सोमाचे होम, तसे सिंधूचे हिंदू. दारयवहू राजाच्या शिलालेखांत आपल्याकडील प्रांताचे नाव ‘हिंदुश’ असेच आहे. हिब्रूने तो शब्द इराण्यांकडून घेतला आणि त्याचे ‘होदू’ केले. एस्तेरच्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत, अहश्वेरोश राजाच्या साम्राज्याची सीमा सांगताना, हे होदू येते. जुन्या करारातील भारताचा हा स्पष्ट उल्लेख. ग्रीकांच्या तोंडून तो ‘ह’ही गळाला आणि राहिले ‘इंदोस’. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात युद्धातील हत्तीवरचा माहूत ‘इंदोस’ म्हटलेला आढळतो. लॅटिनमधून इंग्रजीत आलेले ‘इंडिया’ हे याच ‘इंदोस’चे अपत्य. ग्रीकांना सिंधूवरून कापडाचे नाव मिळाले असते, तर या नेहमीच्या वाटेने ते ‘इंद’ असेच काहीसे झाले असते. ‘स’ कायम राखून यावयाचे तर त्याला वेगळी वाट हवी होती आणि तशी वाट दाखविणारा पुरावा नाही.

उलट बाजूचा पुरावा मात्र भक्कम आहे. हिब्रूत ‘सादीन’ नावाचा शब्द आहे, अर्थ अंगावर घ्यावयाचे तलम वस्त्र. शमशोनाने आपल्या कोड्यावर पैज लावली ती तीस ‘सादीन’ आणि तीस पोशाखांची. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील सद्गुणी गृहिणी स्वतः ‘सादीन’ तयार करते आणि विकते. जुन्या कराराचे प्राचीन ग्रीक भाषांतर झाले तेव्हा या दोन्ही ठिकाणी ‘सादीन’ऐवजी ‘सिंदोन’ घातला गेला. आणि त्याहून मागे गेले तर अक्कादी मृत्तिकापट्टिकांवर ‘सद्दिन्नु’ हे वस्त्राचे नाव आहे. सेमेटिक कुळातील काही भाषांत ‘न’ पुढच्या व्यंजनात मिसळून ‘न्द’चे ‘द्द’ होते, ही ओळखीची गोष्ट आहे. आजचे बहुतेक अभ्यासक ग्रीक सिंदोनचे घर म्हणूनच त्या प्रदेशात, पश्चिम आशियात, शोधतात. ओथोनिऑनचेही तसेच; त्याची वाट नीतिसूत्रांतील ‘एटून’ या मिसरी कापडाच्या नावावरून सरळ नाईल नदीच्या काठी जाते.

तरीही मनाचा एक कोपरा ऐकावयास तयार नव्हता. त्याला गप्प केले हेरोडोटसने. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील या ग्रीक इतिहासकाराला सिंदोन चांगला ठाऊक आहे. मिसरी लोक प्रेते सिंदोनच्या पट्ट्यांत गुंडाळतात, असे तो लिहितो. भारतीय कापूसही त्याने ऐकलेला आहे. पण त्याला तो सिंदोन म्हणत नाही. रानातल्या झाडांना लागणारी लोकर, असे म्हणतो! त्याच्या दोनेकशे वर्षे आधी अश्शूरचा राजा सन्हेरीब याने निनवेच्या आपल्या बागेत कापसाची झाडे लावली, तेव्हा त्याच्या शिलालेखातही ‘लोकर देणारी झाडे’ असाच उल्लेख आहे. सिंदोनचा अर्थ मुळातच ‘सिंधूचे सुती कापड’ असता, तर या दोघांना लोकरीची उपमा शोधावी लागली नसती.

आणखी एक साक्ष यरुशलेमच्या मंदिरातूनच मिळते. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात सांगितले आहे की, प्रायश्चित्ताच्या महान दिवशी प्रमुख याजक सकाळी मिसरमधील पेलुसियमचे वस्त्र नेसे आणि दुपारनंतर भारतीय वस्त्र. हे वाचून आम्हास आनंद झाला, तो लपवीत नाही. भारतीय कापड यरुशलेमच्या पवित्र मंदिरापर्यंत पोहोचले होते, अशी आठवण यहुद्यांनी जपली होती. परंतु त्या वस्त्राचे हिब्रू नाव पाहा: ‘हिंदुयीन’. यहुद्यांना कापड भारताचे आहे असे सांगावयाचे असे तेव्हा ते ‘हिंद’ म्हणत, ‘सिंद’ नव्हे. गोरोबाकाकांचे थापटणे आमच्या विधानावर पडले आणि मडके कच्चे निघाले.

मग योसेफाने विकत घेतलेला तो सिंदोन कशाचा असेल? बहुधा अळशीच्या धाग्याचा. त्या भागात ते कापड मुबलक होते. मिसर तर त्याचे माहेरच आणि खुद्द पॅलेस्टाइनमधील स्किथोपोलिस, म्हणजे बेथशान, येथील अळशीचे कापड रोमन सम्राट दियोक्लेशियनच्या ३०१ सालच्या दरपत्रकात पहिल्या प्रतीचे म्हणून गणले आहे. आद्य ख्रिस्तसभेची समजूतही अशीच होती. पोपमहाशयांच्या चरित्रांच्या ‘लीबेर पोंतिफिकालिस’ या जुन्या संग्रहात चौथ्या शतकातील पोप सिल्व्हेस्टर यांच्या नावावर एक नियम सांगितला आहे. मिस्साबलिदान रेशमावर किंवा रंगविलेल्या कापडावर होऊ नये, जमिनीतून उगवलेल्या अळशीच्या वस्त्रावरच व्हावे. कारण प्रभूचा देह तशाच स्वच्छ सिंदोनमध्ये पुरला गेला. वेदीवर फादर ज्या चौकोनी शुभ्र वस्त्रावर पातेन आणि कालीस ठेवतात, त्या कॉर्पोरलची ही परंपरा आहे. लहानपणी वेदीसेवक असताना ते वस्त्र आम्ही कितीदा घडी घालताना पाहिले होते, पण त्याच्या घडीत सिंदोन आहे हे कोणी सांगितले नव्हते.

येथे मराठी बायबलच्या वाचकाला एक अडचण येते. प्रचलित भाषांतरात या वस्त्राला ‘तागाचे वस्त्र’ म्हटले आहे. आपल्याकडे ताग म्हणजे दोरखंडाचे आणि गोणपाटाचे झाड. प्रभूचा देह गोणपाटात गुंडाळला होता काय, असे आम्हास लहानपणी वाटत असे आणि त्याचे फार वाईट वाटे. भाषांतरकारांचा दोष म्हणावयाचा नाही. ज्या मुलखात अळशीच्या धाग्याचे कापड फारसे विणले जात नव्हते, तेथे त्याला शब्द तरी कोठून असणार? गंमत अशी की ते झाड आपल्याला परके मुळीच नाही. अळशी म्हणजेच मराठवाड्यातले जवस. धाराशिव-लातूरच्या काळ्या रानात रब्बीला ते पिढ्यान्‌पिढ्या पेरले गेले आहे, पण तेलासाठी. इंग्रजी ‘लिनन’ हा लॅटिनमधील त्याच झाडाच्या ‘लीनुम’ या नावावरून आला. एकाच झाडाचे त्या लोकांनी वस्त्र केले आणि आपण तेल काढले.

तर सिंदोन शब्द आपला नाही. परंतु तेरचे कापड होते हे तर खरे. ते कशाचे होते? याचे उत्तर पेरिप्लसच्या कर्त्यानेच दुसऱ्या एका ठिकाणी देऊन ठेवले आहे. भडोचच्या आसपासच्या मुलखाचे वर्णन करताना तो म्हणतो की, तेथे गहू, तांदूळ, तिळाचे तेल, तूप आणि ‘कार्पासोस’ पिकतो आणि त्याच कार्पासोसपासून जाडेभरडे भारतीय ‘ओथोनिऑन’ होते. हा कार्पासोस म्हणजे संस्कृत ‘कर्पास’, आपला कापूस. येथे मात्र ध्वनी आणि अर्थ दोन्ही सरळ जुळतात, कसलीही ओढाताण करावी लागत नाही. हा शब्द संस्कृताचा मुळचा, की येथील अधिक जुन्या लोकांच्या बोलीतून संस्कृतात आला, याविषयी मतभेद आहेत. पण तो या भूमीचा, यात शंका नाही.

आणि हा शब्द बायबलमध्ये आहे! एस्तेरच्या ज्या पहिल्या अध्यायात होदू येते, त्याच अध्यायात शूशन नगरीतील राजाच्या मेजवानीचे वर्णन आहे. अंगणात पांढरे आणि निळे पडदे लावले होते आणि त्यांत ‘कर्पस’ होता, असे हिब्रू मजकूर म्हणतो. ग्रीक भाषांतरकारांनी शब्द तसाच ठेवला. पुढे मात्र कर्पस म्हणजे काय याचा विसर पडला. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात तो एखाद्या रंगाचे नाव असावा तसा आला. तेथून इंग्रजी कॅथलिकांच्या दूए बायबलमध्ये आणि प्रोटेस्टंटांच्या १६११ सालच्या बायबलमध्येही त्याचा अर्थ ‘हिरवा’ असा झाला. आपल्या कापसाने इंग्रजी बायबलमध्ये कित्येक शतके हिरवा रंग म्हणून दिवस काढले. विसाव्या शतकातील भाषांतरांत तो पुन्हा ‘कॉटन’ झाला. हा ‘कॉटन’ शब्द अरबी ‘कुत्न’वरून आलेला. म्हणजे वस्तू आपली, बायबलमधील मूळ शब्द आपला आणि इंग्रजी नाव अरबांचे.

कर्पासाचा प्रवास रोमपर्यंत झाला. लॅटिनमध्ये त्याचे ‘कार्बासुस’ झाले आणि तेथे त्याचा अर्थ तलम अळशीवस्त्र आणि जहाजाचे शीड असा ठरला. आमच्या मते या सर्व कथेतील ही सर्वात मनोरंजक गोष्ट होय. आपल्या कापसाचा शब्द तिकडे जाऊन अळशीच्या कापडाला लागला. तिकडचा अळशीच्या कापडाचा शब्द, सिंदोन, एका व्यापाऱ्याच्या लेखणीतून इकडे येऊन तेरच्या सुती कापडाला लागला. व्यापाऱ्याने मुद्दाम काही केले नसेल. अंगाला मऊ लागणारे, पातळ, धुवट कापड त्याने पाहिले, त्याच्या भाषेत तशा कापडाला जो शब्द होता तो त्याने लिहिला. धागा कशाचा याची त्याला वेगळी नोंद करावीशी वाटली नाही.

धाग्याची नोंद जमिनीने ठेवली आहे. तांबड्या समुद्राच्या मिसरी किनाऱ्यावर बेरेनिके नावाचे बंदर होते. भडोचसारख्या बंदरांतून परतणारी जहाजे तेथे लागत. १९९४ पासून तेथे झालेल्या उत्खननात सुती कापडाचे तुकडे सापडले आणि वस्त्रविद्येच्या तज्ज्ञांनी त्यांच्या सुताचा पीळ तपासला. मिसरी सूतकताईत पीळ इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या मधल्या रेषेसारखा पडतो, भारतीय सुताचा त्याच्या उलट, ‘झेड’सारखा. बेरेनिकेच्या तुकड्यांत ‘झेड’ पिळाचे सूत पुष्कळ निघाले. त्यांत शिडाचे तुकडेही आहेत. कार्बासुस या शब्दाला शीड हा अर्थ उगाच चिकटला नव्हता.

त्या तुकड्यांपैकी एखादा तेरचा असेल, असे आता आम्ही म्हणणार नाही. तेरच्या बाजारात समुद्रकाठच्या प्रदेशातूनही माल येई, असे पेरिप्लसचा कर्ता सांगतो. तेव्हा तेथून निघालेले सगळेच कापड तेरणाकाठी विणलेले नव्हते.

पुढच्या वर्षी उपवासकाळात अभ्यासवर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा पहिल्याच दिवशी आम्ही मागील विधान परत घेतले आणि वर लिहिले आहे ते थोडक्यात सांगितले. प्रश्न विचारणारी मुलगी हजर होती. काही जणांची निराशा झालेली दिसली. एक गृहस्थ तर म्हणाले, “सर, पहिली गोष्टच बरी होती हो.” आमच्याही मनात तेच येऊन गेले होते, म्हणून आम्ही काही बोललो नाही. मग तागाच्या वस्त्राची गोष्ट निघाली. मराठी बायबलमध्ये त्या जागी काय घालावे, जवसाचे वस्त्र म्हणावे का, असा विचार चालू असता मागच्या बाकावरील, लग्न होऊन मराठवाड्यातून आलेल्या एक मावशी हसू लागल्या. त्यांना कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, “जवसाची तर आम्ही चटणी करतो. प्रभूला चटणीत कुठं गुंडाळता?” वर्ग हसला. योग्य शब्द त्या दिवशी सापडला नाही. वाचकांपैकी कोणास सुचल्यास अवश्य कळवावा.